नील बेटावर जास्त राहा, आणि तिकीट काढण्याआधी तिथी बघा

पुण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. नवरा-बायको पन्नाशीतले, सोबत बहात्तर वर्षांच्या सासूबाई. अंदमानात शांत, झाडांची सावली असलेला किनारा हवा, जिथे सकाळ-संध्याकाळ निवांत चालता येईल आणि स्नॉर्केलिंगही होईल, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर उपडं तरंगत खालचं बघता येईल. नवऱ्याला तरण तलावात पोहता येतं, त्यांना स्वतःला अजिबात नाही. सासूबाई पाण्यात उतरणार नाहीत, पण त्यांना उन्हात बसवत नाही. हॅवलॉक की नील, कोणता महिना, किती रात्री, आणि मास्क स्वतःचा घ्यावा का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, आधी थेट उत्तर देतो. फेब्रुवारी किंवा मार्च धरा. हॅवलॉकला दोन रात्री आणि नीलला तीन रात्री राहा. पॅकेजवाले बरोबर उलटं करतात: हॅवलॉकला दोन-तीन रात्री आणि नीलला एक रात्र, कधी तर सकाळी उतरवून संध्याकाळी परत. तुम्हाला जे हवं आहे ते नीलवर आहे आणि ते घाईत मिळत नाही. या दोन्ही बेटांची सरकारी नावं ३० डिसेंबर २०१८ पासून बदलली. हॅवलॉक आता स्वराज द्वीप आहे आणि नील शहीद द्वीप. बोटीच्या तिकिटावर नवी नावं दिसतील, लोकांच्या तोंडी मात्र जुनीच आहेत.

आता मुख्य गोष्ट. मी ज्यांना ज्यांना पाण्यात उतरवतो, त्यातले बहुतेक जण ‘सगळ्यात चांगला बीच कोणता’ असं विचारत येतात. एकच किनारा सकाळी सात वाजता काचेसारखा असतो आणि दुपारी एक वाजता गुडघाभर गढूळ पाणी आणि टोकेरी खडक, एवढंच तिथे उरतं. ज्या झाडाखाली दहा वाजता गारवा असतो, तिथेच तीन वाजता ऊन तोंडावर येतं. सावली आणि पाणी, दोन्ही घड्याळावर चालतात. म्हणून किनाऱ्याची निवड सोपी आहे, वेळेची निवड खरी महत्त्वाची. तुमच्या घरात कालनिर्णय असेलच. अर्धं काम तिथेच होतं.

भरती-ओहोटीचं गणित आधी सांगतो. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमी ते दशमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर खालीवर होतं, अंदमानात दोनेक मीटर. दोन मीटर ऐकायला कमी वाटतं. पण नीलच्या भोवतीचा प्रवाळाचा कट्टा इतका सपाट आहे की दोन मीटर पाणी उतरलं की किनाऱ्यापासून दूरपर्यंत खडप उघडं पडतं. त्या वेळी मास्क लावून गेलात तर पोट घासत जाल, गुडघे फुटतील आणि प्रवाळही मोडेल. शिवाय उधाणाच्या दिवसांत पाणी चढता-उतरताना ओढ जास्त असते. ज्याला पोहता येत नाही त्याच्यासाठी ती ओढ वाईट.

तुमच्यासाठी म्हणून भांगाचे दिवस धरा. नीलच्या तीन रात्री अष्टमी ते एकादशीच्या दरम्यान बसवता आल्या तर बसवा. पक्ष शुद्ध असो की वद्य, समुद्राला दोन्ही सारखेच. मग त्या-त्या दिवशी पाणी चढत असतानाचे मधले दोन-तीन तास पाण्यासाठी राखून ठेवा. चढती भरती बाहेरच्या खोल समुद्रातलं निवळ पाणी आत आणते. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की तेच पाणी कट्ट्यावरची वाळू आणि गाळ घेऊन बाहेर पडतं, आणि समोरचा मासा धुक्यात गेल्यासारखा पुसट होतो. तोच किनारा, तोच मासा, फक्त तीन तासांचा फरक.

आपल्याकडे कोळी-गाबीत मंडळी तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. हा हिशोब मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा आहे, तो अंदमानात तसाच लावू नका. तिथली वेळ वेगळी पडते. पोर्ट ब्लेअरचं भरतीचं कोष्टक बघा, ते मोबाइलवर सहज मिळतं आणि हॉटेलवालेही सांगतात. एका दिवसाची वेळ कळली की पुढच्या दिवशी साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकवत जा. उंच लाटांचा इशारा असेल तर तो हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर येतो. निघायच्या आदल्या रात्री तेवढं बघून ठेवा.

सावलीचं गणितही असंच आहे, आणि सासूबाईंसाठी तेच जास्त महत्त्वाचं. अंदमान ९३ अंश पूर्व रेखांशाच्या जवळ आहे, पण घड्याळ आपलंच, भारतीय प्रमाणवेळेचं. त्यामुळे डिसेंबरात सूर्य पाच वाजता मावळतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये साडेपाचच्या सुमारास. डोक्यावर सूर्य येतो तो साडेअकराच्या आसपास. पुण्याच्या सवयीने नाश्ता करून दहाला किनाऱ्यावर गेलात तर तुम्ही भर उन्हात गेलात असं समजा. तिथला दिवस साडेपाचला सुरू करायचा. सहाला चालायला निघायचं, नऊपर्यंत फिरून परत. दुपारी जेवून झोप. पुन्हा अडीच-तीनला बाहेर.

किनाऱ्यामागे झाडी असते, पुढे पाणी. म्हणून पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर सकाळी झाडांची लांब सावली वाळूवर पडते आणि साडेनऊ-दहापर्यंत टिकते. पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर सकाळी ऊन आणि दुपारी दोननंतर सावली. एवढं लक्षात ठेवलंत तर छत्री भाड्याने घ्यायची गरज नाही. हॅवलॉकचं राधानगर पश्चिमेचं, म्हणून सकाळी. कालापत्थर आणि विजयनगर पूर्वेचे, म्हणून दुपारी. नीलवर लक्ष्मणपूर पश्चिमेचं, सीतापूर पूर्वेचं. प्रवासी मंडळी मात्र सूर्यास्त बघायला राधानगर-लक्ष्मणपूरला आणि सूर्योदय बघायला कालापत्थर-सीतापूरला जातात. म्हणजे ज्या वेळी जिथे सावली असते, त्या वेळी तिथे माणसं कमी असतात. तुम्हाला शांतताही हवी आहे, तर तिचा मार्ग हाच.

झाडांबद्दल दोन शब्द. हॅवलॉकला किनाऱ्यावर जे उंच, दाट, गडद पानांचं झाड दिसतं त्याला तिथे सी महुआ म्हणतात. आपल्या मोहाच्याच कुळातलं, पण खास समुद्रकाठचं. विजयनगरला या झाडांचे बुंधे पाण्याकडे कललेले आहेत आणि भरतीला फांद्यांची टोकं जवळजवळ लाटांवर येतात. सासूबाईंसाठी दुपारची सगळ्यात सुखाची जागा हीच, पाट टाकून बसलं तरी चालेल. शिवाय उंडी, समुद्रफळ, देशी बदाम, केवडा, वाळूवर पसरलेली मर्यादवेल, हे सगळं कोकणातलं ओळखीचं मंडळ तिथेही भेटतं. माडाखाली मात्र बसू नका, विशेषतः फळं लगडलेल्या माडाखाली. आणि वारा सुटला असेल तर वाळलेल्या उभ्या झाडाखालीही नको.

आता किनारे एकेक घेऊ.

राधानगर हा चालण्याचा किनारा आहे. लांबच लांब मऊ पुळण, मागे जंगल, लाट नियमित. २००४ मध्ये टाइम मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम म्हटलं आणि तेव्हापासून गर्दी संध्याकाळची. सकाळी साडेसहाला जा, मोकळा असतो. स्नॉर्केलिंगसाठी तो नाही, तळाला नुसती वाळू आहे. आणि एक गोष्ट गांभीर्याने घ्या: अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. एप्रिल २०१० मध्ये राधानगरच्या एका टोकाला, नील्स कोव्ह म्हणतात त्या आडोशाच्या भागात, स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकन तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. म्हणून खाडीच्या तोंडाशी, कांदळवनाजवळ, ओढा समुद्राला मिळतो तिथे आणि अंधारात पाण्यात उतरायचं नाही. पाटी असेल तर ती वाचायची आणि पाळायची. जीवरक्षक नको म्हणाला तर वाद घालायचा नाही. हे दिवसाढवळ्या, मोकळ्या, लोक उतरतात अशा ठिकाणी जाणाऱ्यांना घाबरवण्यासाठी सांगत नाही. शांत जागा शोधता शोधता माणूस नेमका आडोशाच्या खाडीकडे वळतो, म्हणून सांगतो.

हॅवलॉकवर स्नॉर्केलिंगसाठी सगळ्यांना नेतात ते एलिफंट बीचला. जेटीवरून बोटीने वीसेक मिनिटं. जागा चांगली आहे, किनाऱ्याला लागूनच प्रवाळ सुरू होतो. पण नऊ ते दोन तिथे जत्रा असते, पाण्यावरच्या स्कूटर, बनाना राइड, सगळं एकाच पाण्यात. शांतता हवी असेल तर पहिल्या बोटीने जा आणि साडेनऊला निघा. वाळूवर जे पांढरट, सोललेले अजस्र बुंधे आडवे पडलेले दिसतात, ते २००४ च्या त्सुनामीची खूण आहेत. जंगलातून पायवाटही आहे, पूर्ण सावलीची, पण पावसानंतर चिखल फार होतो. ती सासूबाईंसाठी नाही.

नील वेगळं आहे. जेटीपासून सीतापूरच्या टोकापर्यंत रस्ता पाचेक किलोमीटर, बहुतेक सपाट, दोन्ही बाजूंना भाताची आणि भाजीची शेतं. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे साठच्या दशकात वसवलं. त्यामुळे भाषा बंगाली, जेवण माशाचं कालवण-भात, आणि पोर्ट ब्लेअरची भाजी इथूनच जाते. किनाऱ्यांची नावं रामायणातली: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. सायकल भाड्याने मिळते, रिक्षा मिळते. नऊ वाजता गाव झोपतं.

भरतपूर जेटीला लागून आहे. तुमच्यासाठी, म्हणजे ज्यांना पोहता येत नाही त्यांच्यासाठी, शिकायची जागा हीच. आत उथळ तळं असल्यासारखं पाणी, तळाला वाळू, आणि पुढे प्रवाळाचे पुंजके. सकाळच्या बोटीने दिवसाचे प्रवासी उतरले की तिथे काचेच्या तळाच्या बोटी आणि वॉटर स्पोर्ट्स सुरू होतात. त्याच्या आधी तासभर तरी तुमचा. काचेच्या तळाची बोट सासूबाईंसाठी घ्या, आवर्जून. पाय न भिजवता त्यांनाही खालचं सगळं दिसेल. चढायला-उतरायला हात द्यायला माणूस असतो, पण बोट वाळूला टेकवून घ्या म्हणावं.

भरती आणि निवांतपणा एकाच वेळी जुळले तर उत्तम. नाही जुळले तर भरतीला पहिला मान द्या आणि थोडी गर्दी सोसा. ओहोटीच्या शांततेत पाण्यात जाण्यात काही अर्थ नाही.

लक्ष्मणपूरचे दोन भाग आहेत. एक नंबरचा किनारा लांब, पांढरा, संध्याकाळ सोडली तर जवळजवळ रिकामा. सकाळी सावलीत त्याच्या टोकापर्यंत चालत जा. पाणी वरच्या अर्ध्यात असेल तेव्हा इथे स्नॉर्केलिंगही होतं, पण माहीतगार सोबत हवा. दोन नंबरच्या भागात दगडाची नैसर्गिक कमान आहे, गाववाले तिला हावडा ब्रिज म्हणतात. तिथे ओहोटीलाच जायचं. खडपावर साचलेल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, कधी शिंपल्याचा निळा-हिरवा ओठ उघडून बसलेला मोठा क्लॅम, असं सगळं मास्क न लावता बघायला मिळतं. पण दगड शेवाळाचे आणि ओबडधोबड आहेत. सासूबाईंना तिथे नेऊ नका. तुम्हीही मागे पट्टा असलेली जुनी रबरी सँडल घाला. साधी स्लिपर पहिल्याच फटीत तुटते.

किनाऱ्यावर चालताना खाली बघत चाला. ओहोटीच्या ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी दिसेल, मध्ये बारीक भोक आणि भोवती किरणांसारख्या रेघा. ती नखाएवढ्या खेकड्यांची कामगिरी. ते वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं खाद्य काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवतात. भरती आली की सगळं पुसतं, पुढच्या ओहोटीला पुन्हा सुरू. पाऊल टेकवलंत की सगळे भोकात गायब होतात. दोन मिनिटं स्थिर उभं राहिलात तर परत वर येतात.

आणि ती पांढरी वाळू. कोकणातली वाळू बहुतांशी खडकाची, नद्यांनी आणलेली. नीलची वाळू प्रवाळाची आणि शिंपल्यांची. तिचा मोठा वाटा पॅरटफिश नावाच्या माशाने तयार केलेला असतो. पोपटाच्या चोचीसारखे त्याचे दात. तो प्रवाळाच्या खडकावरचं शेवाळ खरवडून खातो, खडकाचा चुरा पोटात जातो, घशातल्या दातांनी दळला जातो आणि मागून वाळू होऊन पडतो. पाण्यात कान बुडवून शांत राहिलात तर खरवडल्याचा कर्र-कर्र आवाज स्पष्ट ऐकू येतो. मग मासा थोडा पुढे सरकतो आणि त्याच्या मागे पांढऱ्या वाळूचा एक लहानसा ढग सुटतो. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू करतो. मी नवशिक्यांना पहिल्यांदा हाच मासा दाखवतो. एकदा तो आवाज ऐकला की माणूस आपल्या श्वासाची भीती विसरतो आणि बघायला लागतो.

स्नॉर्केलिंगचं शिक्षण पुण्यातच सुरू करा, ताई. मास्क आणि नळी घेऊन तरण तलावाच्या चार फुटी बाजूला उभं राहा, कठडा धरा, डोकं खाली घाला आणि तोंडाने सावकाश श्वास घ्या. मेंदू सांगतो की पाणी तोंडावर आहे, श्वास घेऊ नको. हा विरोध मोडायला पाच-दहा मिनिटं लागतात. ती मिनिटं समुद्रात घालवण्यापेक्षा घराजवळ घालवलेली बरी. उच्छ्वास लांब सोडा, आत घेण्याची घाई नको. घाईघाईत उथळ श्वास घेतले तर नळीतली वापरलेली हवाच पुन्हा आत जाते आणि दम लागतो. नळीत पाणी आलं तर एक जोरदार फुंकर मारायची, पाणी वरून उडून जातं. हे उभ्या-उभ्या दहा वेळा करून बघा. पोहता न येणं हा अडथळा नाही. तोंड पाण्यात ठेवून शांत तरंगता आलं की झालं.

मास्क स्वतःचा घ्या, हे माझं ठाम मत. नळी आणि पायात घालायचे फिन्स तिथे मिळतात, मास्क मात्र चेहऱ्यागणिक वेगळा बसतो. दुकानात तपासायची रीत अशी: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हळूच हवा आत ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तुमचा. कडा सिलिकॉनची हवी, काच टेम्पर्ड हवी. पाण्यात मास्क गळतो तेव्हा दहातल्या नऊ वेळा दोष मास्कचा नसतो. केसाची एक बट कडेखाली अडकलेली असते. किंवा कपाळावरची टिकली नेमकी कडेखाली आलेली असते, ती आधी काढा. तुमच्या मिस्टरांना मिशी असेल तर पाणी तिथून झिरपेल. नाकाखालची मिशीची वरची रेघ थोडी भादरली की बरंचसं थांबतं. पट्टा कानावर ओढून घट्ट करू नका, तो डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर, कानांच्या वर बसतो. जास्त आवळला तर कड मुडपते आणि उलट जास्त गळतं. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून बेबी शाम्पूचा थेंब चोळा आणि हलकेच विसळा. कपाळाला सनस्क्रीन चोपडलंत तर ते वितळून काचेवर आणि डोळ्यात येणार हे ठरलेलं.

चष्मा असेल तर नंबरच्या काचा बसवलेला मास्क मिळतो. पाण्याखाली वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठ्या आणि थोड्या जवळ दिसतात, त्यामुळे कमी नंबर असेल तर साध्या मास्कनेही भागतं. संपूर्ण चेहरा झाकणारा मास्क हल्ली सगळीकडे विकतात. तो घेऊ नका. त्यात वापरलेली हवा साचण्याचा धोका असतो, आणि घाबरल्यावर तोंडातली नळी थुंकून टाकता येते तसा तो चटकन निघत नाही. पन्नाशीनंतर रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, तुम्ही दोघंही. पाण्यात छातीवर वेगळा भार येतो.

तिथे नारिंगी लाइफ जॅकेट देतात. ते तुम्हाला बुडू देत नाही, पण त्याची घडण चेहरा वर ठेवणारी आहे, त्यामुळे खाली बघताना मान दुखते. सैल असेल तर वर सरकून कानाशी येतं, म्हणून खालचे पट्टे नीट आवळून घ्या. त्याहून सोपं म्हणजे ट्यूब. तुम्ही कडेला धरून उपडं तरंगायचं आणि गाइड ओढत नेतो. पहिल्या दिवशी तेच करा. उतरण्याआधी गाइडला तीन गोष्टी सांगा: हळू ने, प्रवाळावर उभा राहू नकोस, आणि माशांना बिस्कीट-ब्रेड घालू नकोस. बहुतेक मुलं ऐकतात. पाहुणे मागतात म्हणून ती खायला घालतात.

अंगात पूर्ण बाह्यांचा सिंथेटिक टी-शर्ट आणि लेगिंग घाला. सुती कपडा भिजून जड होतो. उपडं तरंगताना पाठ, मान आणि गुडघ्यांच्या मागची बाजू भाजते, हे लोकांना रात्री झोपताना कळतं. कपड्याने झाकलं की सनस्क्रीन कमी लागतं, आणि तेवढं कमी पाण्यात जातं. ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनवर हवाईने २०२१ पासून बंदी घातली ती प्रवाळाच्या काळजीपोटीच.

प्रवाळाबद्दल अपेक्षा योग्य ठेवा. फोटोतले रंग बरेचदा दिव्याच्या उजेडातले असतात. लाल रंग पाण्यात पाच मीटरच्या आतच फिका पडतो. शिवाय १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये पाणी तापून अंदमानचा प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरा पडला. उथळ भागात अजूनही मेलेल्या फांद्यांचे ढीग दिसतील आणि त्यांच्यातच नवी, बोटभर, निळसर टोकांची वाढ दिसेल. गोल, दगडासारखा दिसणारा पोराइटीस प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे मीटरभर रुंदीचा गोळा साधारण तुमच्या वयाचा. त्यावर टाच टेकवली की वरची जिवंत त्वचा खरवडली जाते. दम लागला तर उताणे व्हा, ट्यूबला धरा, पण खाली पाय टेकवू नका. तळाला वाळू दिसत असेल तिथेच उभं राहायचं.

पायाखालच्या इतर गोष्टी. उथळ वाळूत चालताना पाय उचलून टाकण्यापेक्षा घसटत चाला, म्हणजे वाळूत लपलेला पाकट नावाचा चपटा, काटेरी शेपटीचा मासा आधीच सरकतो. काळे लांब काट्यांचे समुद्री साळू दिसतात, ते टाळणं सोपं आहे. दगडमासा मात्र दगडासारखाच दिसतो. त्याचा किंवा पाकटाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. काळे-पांढरे पट्टे असलेला समुद्रसाप दिसेल. तो विषारी आहे पण अंगावर येत नाही, त्याला वाट द्या. खरा उपद्रव वाळूतल्या बारीक माश्यांचा, पहाटे आणि तिन्हीसांजेला. पायांना खोबरेल तेल चोपडा आणि ओल्या वाळूवर बसू नका. चावलं तर खाजवू नका, नाही तर आठवडाभर खाज जात नाही.

शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे पिशवीत घालू नका. सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेला तुकडासुद्धा चालत नाही, आणि परतीच्या विमानतळावर सामान तपासतात. शिवाय नीलच्या वाळूत संध्याकाळी शेकडो साधू-खेकडे नवा शंख शोधत फिरत असतात. तो त्यांच्यासाठीच राहू दे.

महिन्यांबद्दल एवढंच. मे ते सप्टेंबर पाऊस आणि पश्चिमेला उसळलेला समुद्र. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस-वादळाची भीती शिल्लक असते. डिसेंबर-जानेवारीत ईशान्येचा वारा असतो, तेव्हा पूर्वेचे किनारे, म्हणजे कालापत्थर आणि सीतापूर, खवळलेले राहतात आणि नाताळची गर्दी वेगळी. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत पाणी सगळ्यात शांत आणि निवळ. एप्रिलमध्ये उकाडा सासूबाईंना जास्त होईल, म्हणून मार्च अखेरीच्या आत उरका.

एवढा प्रवास या वर्षी जमणार नसेल तर मालवण आहेच. तिथला सागरी अभयारण्याचा भाग १९८७ पासून जाहीर आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ खडपावर प्रवाळ आणि मासे दिसतात, आणि सुरूच्या-माडाच्या सावलीत चालायला तळाशील, भोगवे उत्तम. पण खाड्यांचा गाळ आणि मोठी भरती-ओहोटी यामुळे पाण्यात फार लांबचं दिसत नाही. मालवणला शिका, अंदमानला बघा, असं मी आपल्या लोकांना सांगतो. मालवणला नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, आणि तिथे तिथीची पाऊणपट बिनधास्त लावा.

शेवटी बोटीचं. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, ते हॅवलॉक, तिथून नील आणि नीलहून परत, असा फेरा करा म्हणजे तोच मार्ग दोनदा होत नाही. सकाळच्या बोटी घ्या, समुद्र तेव्हा शांत असतो. सासूबाईंना बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास द्या आणि खालच्या मजल्यावर मध्यभागी बसवा. नीलवर रोख पैसे जवळ ठेवा, मोबाइलच्या रेंजवर भरवसा ठेवू नका. वारा वाढला तर बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. सेल्युलर जेल त्या दिवसासाठी ठेवा. तिथे सकाळी लवकर जा, कोठड्यांच्या मजल्यांवर चढ-उतार आहे आणि उन्हात दगड तापतो. मिस्टरांनी हौसेने स्कूबा केलंच तर ते आणि विमान यांत किमान अठरा तास जाऊ द्या. नुसत्या स्नॉर्केलिंगला हा नियम नाही.